समुद्र नसलेल्या शहराची सुखे

किनारपट्टीवरील लहान शहरांच्या जीवनाविषयी सर्वांनाच आकर्षण वाटते. रत्नागिरी, मालवण किंवा अलिबाग येथील रहिवाशाला संध्याकाळी थोडे चालून गेले की समुद्र भेटतो. त्यासाठी त्याला प्रवेशशुल्क भरावे लागत नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, की वेगळी सवड काढावी लागत नाही. दिवसभर काबाडकष्ट केलेला मजूर, कचेरीतून परतलेला कारकून आणि पेढीचा मालक एकाच वाळूवर बसून एकाच वाऱ्याचा लाभ घेतात. लहान किनारी शहराच्या सुखाचे मर्म यातच आहे. ते सुख रोजचे आहे, विनामूल्य आहे आणि सर्वांना सारखेच मिळणारे आहे.

ज्या शहराला समुद्र नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल, तर सोलापूरसारखे दुसरे शहर नाही. सर्वांत जवळचा समुद्रकिनारा येथून सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर दूर आहे. कोकणात वर्षाकाठी अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला सरासरीने पाचसहाशे मिलिमीटर येतो आणि तोही बेभरवशाचा. बारमाही वाहणारी नदी शहरातून जात नाही, जवळपास डोंगर नाही की अरण्य नाही. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. असे असूनही सोलापूरकर आपल्या गावाविषयी ज्या ममत्वाने बोलतो, ते ऐकणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. निसर्गाने जे आयते दिले नाही, ते येथील लोकांनी श्रमाने निर्माण केले आणि जे थोडे दिले, त्याचा चतुराईने उपयोग करून घेतला. समुद्राला डागडुजी लागत नाही. तलावाला, झाडाला आणि मैदानाला मात्र ती लागते. सोलापूरच्या रोजच्या सुखांचा विचार करताना हा भेद सतत लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

तलाव हाच किनारा

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. ते बसवेश्वरांचे समकालीन होते आणि त्यांनी कन्नड भाषेत वचनरचना केली. त्या काळी सोन्नलगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात पाण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी आपल्या अनुयायांसह स्वतः श्रम करून तलाव खोदला, अशी परंपरा सांगते. श्रमाला पूजेचे मोल देणारी कायक ही संकल्पना शरणांच्या विचारात केंद्रस्थानी होती. सिद्धेश्वर तलाव हे त्या विचाराचे दृश्य रूप होय. आज तलावाच्या मध्यभागी सिद्धेश्वरांचे मंदिर उभे आहे आणि काठाला लागूनच दुहेरी तटबंदीचा व खंदकाचा भुईकोट किल्ला आहे. पाणी, मंदिर, किल्ला आणि मोकळी जागा यांचा हा संगम शहराच्या अगदी मध्यात असल्यामुळे कोणत्याही पेठेतील माणूस संध्याकाळी येथे सहज पोहोचतो. किनारी शहरात चौपाटीला जे स्थान असते, तेच येथे या परिसराला आहे.

पाणी साठविण्याची ही परंपरा पुढेही चालू राहिली. शहराच्या ईशान्येस आदिला नदीवर बांध घालून तयार केलेला एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. हिप्परग्याचा तलाव या नावाने तो लोकांच्या अधिक परिचयाचा आहे. विजापूर रस्त्यावरील पूर्वीचा कंबर तलाव आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणून ओळखला जातो. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जिल्ह्याच्या शेतीचे व शहराच्या पाणीपुरवठ्याचे चित्र पालटले. या जलाशयांनी आणखी एक अनपेक्षित देणगी दिली. हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. किनाऱ्यावर दिसणारे कुरव पक्षीही समुद्रापासून इतक्या दूर या पाण्यावर येतात. माणसाने पाणी अडविले आणि पक्ष्यांनी त्या ठिकाणाला आपले मानले. शाळेच्या सहलीसाठी याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही.

कोरड्या हवेची देणगी

सोलापूरची हवा कोरडी आहे ही तक्रार नेहमी ऐकू येते. परंतु या कोरडेपणाचे काही लाभही आहेत आणि त्यांमागील कारणे समजून घेण्यासारखी आहेत. हवेत बाष्प असले की दिवसा तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री सहजासहजी आकाशाकडे निघून जात नाही. बाष्प तिला अडवून धरते. म्हणून मे महिन्यात रत्नागिरीचे दिवसाचे व रात्रीचे तापमान यांत अवघा सहासात अंशांचा फरक असतो आणि रात्रीही घाम सुटत राहतो. सोलापूरला हाच फरक पंधरा अंशांच्या आसपास असतो. दुपार भाजून काढते हे खरे. पण सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात झुळूक सुखावू लागते. जुन्या घरांच्या मातीच्या माळवदावर आणि पुढे सिमेंटच्या गच्चीवर अंथरूण टाकून आकाशाखाली झोपण्याची चाल याच हवामानातून आली. निरभ्र आकाशातील तारे ओळखण्याचे पहिले धडे येथील कित्येक मुलांनी आजीच्या शेजारी पडून घेतले असतील.

मातीच्या माठातील पाणी किनारपट्टीपेक्षा येथे अधिक गार होते, त्याचे कारणही हेच. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. भोवतालची हवा जितकी कोरडी, तितके हे बाष्पीभवन जलद होते. वाटसरूंसाठी पाणपोई घालण्याची आणि तेथे रांजण मांडण्याची परंपरा धर्मभावनेतून आली असली, तरी तिला भौतिकशास्त्राचाही भक्कम आधार आहे.

हिवाळ्याची रात्र मात्र थंड असते आणि तेव्हा सोलापुरी चादरीची ऊब कळते. जाड सुताची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, जकार्ड पद्धतीने विणलेल्या नक्षीची ही चादर आणि येथील टेरी टॉवेल यांना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आहे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत लग्नकार्याच्या आहेरात ती पोहोचली. ज्या वस्तूने दूरच्या घरांना ऊब दिली, ती आपल्या गावच्या मागांवर विणली गेली, हा अभिमान सोलापूरकराच्या सुखाचाच एक भाग आहे.

ज्वारीची चव

सोलापूरच्या ताटातही हवामानच बोलते. भारी काळी जमीन पावसाळ्यातील ओल धरून ठेवते. पावसाळा सरत आला की रब्बी ज्वारीची पेरणी होते आणि त्या साठलेल्या ओलीवरच पुष्कळदा पीक हाती येते. मालदांडी हे या भागाचे नाव काढणारे वाण होय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली असून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यानंतर शहरी ग्राहकाचे लक्षही या धान्याकडे पुन्हा वळले आहे.

ज्वारीची भाकरी महाराष्ट्रात सर्वत्र होते. कडक भाकरी मात्र सोलापूरची ओळख आहे. पातळ थापलेली भाकरी भाजून ती पूर्ण कोरडी होईपर्यंत वाळविली की अनेक दिवस टिकते. दमट किनारी हवेत ती एका दिवसात मऊ पडेल. येथील हवेत ती पापडासारखी खुसखुशीत राहते. तिच्या जोडीला शेंगांची चटणी. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात एकत्र कुटले जातात. दाण्यांतील तेल सुटून चटणीला ओलसरपणा येईपर्यंत कुटणे, हे तिच्या चवीचे रहस्य. प्रवासात, शेतावर किंवा कारखान्यातील पाळीवर न विटता टिकणारे हे अन्न श्रमिकांच्या सोयीसाठी जन्माला आले. आज हेच पदार्थ कागदी वेष्टनात दूरच्या बाजारपेठेत जातात आणि महिलांच्या अनेक बचत गटांना त्यातून रोजगार मिळतो.

डिसेंबर आणि जानेवारीत हुरड्याचा हंगाम येतो. दाणे दुधावर असलेली ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजावयाची, गरम असतानाच तळहातावर चोळावयाची आणि गूळ, दही किंवा चटणीबरोबर खावयाची. त्याच सुमारास, मार्गशीर्षाच्या अमावास्येला, जिल्ह्याच्या सीमाभागात वेळ अमावास्या साजरी होते. कुटुंबे शेतावर जातात, पिकाची पूजा होते, अंबील व भज्जी यांचे जेवण होते आणि वाटेने जाणाऱ्यालाही आग्रहाने बसविले जाते. शहर आणि खेडे यांना जोडणारा धागा अशा प्रसंगी दृढ होतो. हुरड्यासाठी शेतावर गेलेल्या शहरातील मुलाला आपले अन्न कोठून येते, हे पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर उमगते.

चार भाषांचा शेजार

सोलापूर नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली, १८६० मध्ये रेल्वे येथवर पोहोचली आणि त्यानंतर कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांबरोबर आणि हातमागांबरोबर माणसे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. कर्नाटकाची सीमा जवळच असल्यामुळे कन्नड येथे पहिल्यापासून होतीच. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच बाजारात कानावर पडतात. भाजी घेताना एक भाषा, भाव ठरविताना दुसरी आणि निरोप घेताना तिसरी, असा व्यवहार येथे कोणाला नवलाचा वाटत नाही. शाळेत न जाताही दोन-तीन भाषा सहज बोलणारी मुले हे या शहराचे खरे धन आहे.

सणांचे वर्षही त्यामुळे भरगच्च असते. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव निघतो. रमझानच्या संध्याकाळी विजापूर वेस परिसरातील बाजार गजबजतो आणि तेथे खरेदीला सर्व समाजांचे लोक येतात. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज तोलून धरीत मिरवणुकीने नेतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम आणि शोभेचे दारूकाम असे विधी क्रमाने पार पडतात. सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्या यांच्या प्रतीकात्मक विवाहाचा हा सोहळा असून नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. यात्रेपूर्वी नंदीध्वज पेलण्याचा सराव सुरू होतो आणि तो पाहणे हाही मुलांच्या आनंदाचा विषय असतो. होम मैदानावरील पाळणे, खेळणी आणि खाद्यपदार्थांची दुकाने यांची वाट तर लहानथोर सारेच पाहतात.

हा शेजार केवळ सणापुरता नाही, हे इतिहासाने दाखविले आहे. १९३० च्या स्वातंत्र्यलढ्यात सोलापूरच्या जनतेने ब्रिटिश सत्तेला असे आव्हान दिले की मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा जारी करावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. ही चार नावे एकत्र उच्चारली की शहराची सामाजिक वीण डोळ्यांसमोर उभी राहते. शेजाऱ्याच्या सणाला निःशंक मनाने जाता येणे हे साधे सुख वाटते. पण त्यासाठी पूर्वसूरींनी मोजलेली किंमत साधी नव्हती.

सुख टिकण्यासाठी

येथवर वर्णिलेल्या सुखांची यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली, तर एक गोष्ट स्पष्ट होईल. त्यांपैकी फारच थोडी पैसे देऊन विकत घेता येतात. बहुतेक सुखे सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक पाण्यावर आणि परस्परांवरील विश्वासावर उभी आहेत. ती कोणा एकाच्या मालकीची नसल्यामुळे त्यांची झीज कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

तलावाचेच उदाहरण घ्यावे. निर्माल्य, साबणाचे पाणी आणि सांडपाणी तलावात गेले की त्यांतील नत्र व स्फुरद यांच्यावर शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात. ही वाढ मरून कुजू लागली म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि दुर्गंधी पसरते. मग लोक तलावाकडे पाठ फिरवितात. लोकांची वर्दळ थांबली की कचरा टाकणाऱ्याला अटकाव उरत नाही आणि अवनतीचा वेग आणखी वाढतो. म्हणून निर्माल्यासाठी कलश ठेवणे, सांडपाण्याच्या नाल्या वळविणे आणि ठरावीक काळाने गाळ काढणे ही कामे केवळ शोभेची नाहीत.

रात्रीच्या गारव्याचीही तीच कथा. मातीचे माळवद गेले आणि काँक्रीट व डांबर आले. हे पदार्थ दिवसभर उष्णता साठवून रात्री उशिरापर्यंत ती सोडीत राहतात. झाडे तुटली आणि मोकळी जमीन झाकली गेली, तर कोरड्या हवेचा लाभही हळूहळू हातचा जाईल. रस्त्याकडेचे कडुनिंब, वड आणि पिंपळ यांचे मोल सावलीत चालणाऱ्या पादचाऱ्यालाच कळते.

पाण्याच्या बाबतीत तर अधिक गांभीर्याने विचार करावयास हवा. शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावरील उजनीतून पाणी आणणाऱ्या या शहराला अनेक वर्षे काही दिवसांआड पाणीपुरवठा होत आला. ज्या घरातील स्त्रीला नळाच्या वेळेसाठी अपरात्री जागावे लागते, तिच्यासाठी तलावाकाठच्या फेरफटक्याचे वर्णन अपुरे आहे. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला फुरसत आणि डोक्यावर हक्काचे छप्पर मिळाले, तरच शहराची सुखे त्याचीही होतील. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांची वसाहत या दृष्टीने महत्त्वाची आहे. घर, पाणी आणि विसावा यांची सोय झाल्यावरच बागेचे आणि मैदानाचे सुख सुरू होते.

जबाबदारी आणि संधी

१९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या बाबींना कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ग्रंथालये, सांस्कृतिक कार्यक्रम, बाजार व जत्रा आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल यांचा समावेश आहे. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची सोय नमूद आहे. अर्थात, नागरिकांचे रोजचे सुख हा राज्यकारभाराच्या कक्षेबाहेरचा विषय नाही. अंदाजपत्रकात नव्या बांधकामासाठी जशी तरतूद होते, तशीच जुन्या तलावाच्या, बागेच्या आणि ग्रंथालयाच्या देखभालीसाठी दरवर्षी न चुकता झाली पाहिजे. उद्घाटनाचा दगड एकदाच बसतो. झाडाला पाणी मात्र रोजच घालावे लागते.

पंचायत सदस्यांना हे काम आपल्या गावापासून सुरू करता येईल. गावतळ्यातील गाळ काढणे, पारावरील वडाचे रक्षण करणे, शाळेचे मैदान अतिक्रमणापासून वाचविणे आणि आठवडे बाजारात पिण्याच्या पाण्याची व सावलीची सोय करणे यांस फार मोठा खर्च येत नाही. शिक्षकांकडे तर त्याहून प्रभावी साधन आहे. आपल्या गावात कोणती सुखे विनामूल्य मिळतात, ती कोणी निर्माण केली आणि आज त्यांची निगा कोण राखतो, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांना वडीलधाऱ्यांकडून लिहून आणावयास सांगावीत. इतिहास, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे चारही विषय त्या एका वहीत एकत्र येतील.

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती आणि ती वाढत आहे. शहर विस्तारत असताना त्याचे लहानपणातील गुण, म्हणजे चालत जाता येण्याजोगी अंतरे, ओळखीचे चेहरे, सर्वांना खुले असलेले पाणी आणि मैदान, टिकवून धरणे ही खरी कसोटी आहे. पाणी अडवून काठ निर्माण करता येतो, हे येथील पूर्वजांनी आठ शतकांपूर्वी दाखवून दिले. तो काठ स्वच्छ, सावलीचा आणि सर्वांसाठी मोकळा ठेवणे एवढेच आपल्या पिढीकडे उरले आहे.